श्रीनगर विमानतळ ते गुलमर्ग: मालवणच्या एका गाडीवाल्याचा अभिप्राय

मालवणात मी १८ वर्षं पर्यटकांची गाडी चालवतो. मोपाच्या नाहीतर चिपीच्या विमानतळावरून, कुडाळ स्टेशनवरून पाहुणे घ्यायचे, तारकर्ली-देवबागला सोडायचे, चार दिवसांनी परत न्यायचे. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझं लक्ष बाहेरच्या देखाव्याकडे कमी आणि चालवणाऱ्याच्या पायांकडे जास्त असतं. फेब्रुवारीत आम्ही श्रीनगर विमानतळावरून गुलमर्गला गेलो आणि पाचव्या दिवशी खाली आलो. जाताना एक गाडी होती, येताना दुसरी. दोन्हींबद्दल लिहितो आहे, कारण या रस्त्यासाठी गाडी ठरवताना काय बघायचं हे मला आधी माहीत असतं तर परतीच्या दिवशी माझ्या आईला जे सोसावं लागलं ते टळलं असतं.

जायचं निमित्त मुलगी. ती तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकवते. यंदा तिने गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेत स्कीइंगचा पहिला कोर्स केला. जन्मल्यापासून खाऱ्या पाण्यात असलेली पोर बर्फावर कशी उभी राहते ते आजीला बघायचंच होतं. म्हणून मी, बायको आणि ७२ वर्षांची आई असे तिघं निघालो. कलमांना मोहोर आलेला, फवारणीचे दिवस, ते सगळं धाकट्या भावावर टाकलं. कोकणकन्येने दादर, तिथून विमानतळ आणि मुंबईहून थेट श्रीनगर.

गाडी मुलीने ठरवून दिली होती. कंपनी नाही, ऑफिस नाही, एक चालक आणि त्याची एक जुनी इनोव्हा. पहिल्याच फोनवर त्याने भाड्याच्या आधी सिमकार्डाचं विचारलं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. आमच्या तिघांचीही प्रीपेड होती. त्याने सांगितलं नसतं तर विमानातून उतरल्यावर त्याला शोधायचं कसं, हा प्रश्न आला असता. मी बायकोचं सिम पोस्टपेड करून घेतलं.

मग भाडं. विमानतळ ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. त्यातला शेवटचा, पायथ्याच्या तंगमर्ग गावापासून वरचा १३ किलोमीटरचा घाट वेगळा मोजायचा, हे त्याने समजावलं. तंगमर्गपर्यंत ३,०००. वर रस्ता मोकळा असेल तर आणखी ५००, बर्फ असेल आणि चाकांना साखळी लावावी लागली तर १,५००. विमान उशिरा आलं तर थांबण्याचे पैसे नाहीत. हे सगळं त्याने व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. मीसुद्धा पाहुण्यांना भाडं सांगतो, पण एकच आकडा सांगतो. पावसाळ्यात आंबोलीमार्गे जावं लागलं, रस्ता बंद म्हणून फोंडाघाटाकडून वळसा पडला, की मग वादावादी. भाड्याचे असे भाग पाडून आधीच लिहून द्यायची पद्धत मी त्याच्याकडून उचलली आहे आणि आल्यापासून वापरतो आहे.

विमान दुपारी १ वाजता उतरायचं ते धुक्यामुळे मुंबईहूनच उशिरा निघालं आणि ४ वाजता टेकलं. श्रीनगरचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, उतरल्यावर फोटो काढायला बंदी. सामान घेऊन बाहेर आलो तेव्हा पावणेपाच झाले होते. तो आईच्या नावाची पाटी घेऊन उभा होता. पाटी माझ्या नावाची नव्हती, बायकोच्याही नाही. सगळ्यांत वयस्कर कोण ते त्याने मुलीकडून विचारून घेतलं होतं. आईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव असं कुणाच्या तरी हातात लिहिलेलं बघितलं. ती पाटी तिने मागून घेतली, ती आता घरी देवघराच्या बाजूला आहे.

मी आधी टायर बघितले. कायद्याने १.६ मिलिमीटर खाच असली की टायर चालतो, पण ते कागदावर. आमच्याकडे पहिल्या पावसात डांबरावरचं तेल वर येतं तेव्हासुद्धा एवढ्या खाचेवर मी घाटात जात नाही. याच्या टायरांत रुपयाचं नाणं चांगलं रुतत होतं. डिकीत दोन साखळ्या गोणपाटात गुंडाळलेल्या, एक फावडं, जाड दोर, आणि एका डब्यात रेती. चाक फिरू लागलं की खाली टाकायला. गाडी मागच्या चाकांवर ओढणारी, म्हणजे साखळ्या मागे लागणार. माझ्या एर्टिगाला त्या पुढे लावाव्या लागल्या असत्या. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. मी काय काम करतो ते सांगितल्यावर त्याने बॉनेट उघडून कूलंटही दाखवलं. आपल्याकडे रेडिएटरात साधं पाणी ओतून वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत. तिथे तसं केलं तर रात्रीत पाणी गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो.

श्रीनगरच्या बाहेरून वळून नारबलला बारामुल्ल्याचा मोठा रस्ता सोडला. पुढे मागाम, कुंझर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सफेद्याची (पॉप्लरची) उंच, निष्पर्ण झाडं आणि त्यामागे सफरचंदाच्या बागा, त्याही उघड्या. मोहोरलेली कलमं मागे टाकून आलेल्या माझ्या बायकोला ते बघवेना. झाडं मेलेली नाहीत, झोपलेली आहेत, असं चालक म्हणाला. मागामला तो आपणहून थांबला. तिथे नानवायाच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या भट्टीतून गरम गिर्दा रोटी काढत होते, सोबत नून चाय. गुलाबी, मीठ घातलेला चहा. आईचं माहेर शिरोडं, मिठागरांचं गाव. तिने तो चहा दोन वेळा घेतला. आम्हा दोघांना एक पेला संपवणं जड गेलं. आईने पिशवीतून मालवणी खाजं काढून त्याला दिलं. गूळ आणि आल्याचा तो कडकपणा त्याला फार आवडला, अर्धा पुडा त्याने घरच्यांसाठी बाजूला ठेवला.

तंगमर्गला सव्वासहा वाजले. अंधार पडू लागला होता. गाडी बाजाराच्या थोडी पुढे घेऊन त्याने थांबवली, खाली उतरून रस्त्यावर बूट घासून बघितला आणि परत येऊन म्हणाला, "साहब, ऊपर सुबह चलेंगे."

मला राग आला. मुलगी वर वाट बघत होती, वरच्या हॉटेलचे पहिल्या रात्रीचे पैसे भरलेले होते, आणि समोरून एकदोन गाड्या वर जाताना दिसत होत्या. माझ्या मनात तेच आलं जे कुठल्याही पाहुण्याच्या मनात येतं: इथल्या कुठल्या लॉजवाल्याशी याचा हिशोब असणार. मी तसं बोललोही. तो चिडला नाही. म्हणाला, दिवसभर ऊन होतं, रस्त्यावरचं बर्फ वितळून पाणी झालंय, आता त्या पाण्याची काच होईल. ताज्या बर्फात साखळी रुतते, या काचेवर साखळीसुद्धा सरकते. माताजी गाडीत आहेत. तुम्हांला जायचंच असेल तर दुसरी गाडी मी बघून देतो, तंगमर्गपर्यंतचे पैसेही आत्ता नकोत. मी स्वतः रात्री चढणार नाही.

त्या वाक्याने मी गप्प झालो. जुलैमध्ये दरडी कोसळायच्या दिवसांत रात्री अकराला पाहुणे मला सांगतात, बेळगावला सकाळची मीटिंग आहे, आंबोलीतून काढा. मी नाही म्हणतो. तेही माझ्याकडे असेच बघतात, तेही म्हणतात की याचं सावंतवाडीतल्या हॉटेलवाल्याशी साटंलोटं असेल. मी तिथे ज्या जागी उभा असतो, त्याच जागी हा माणूस उभा होता. मी त्याची माफी मागितली. ही गोष्ट इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण अशा नकारासाठी चालकाला कुणी चांगले शेरे देत नाही. उलट, वेळेवर पोचवलं नाही म्हणून नावं ठेवतात. विमानतळावरून बर्फात नेणाऱ्या माणसाकडून आपण जे विकत घेतो त्यात गाडी आणि डिझेल थोडं असतं. कुठे थांबायचं हे त्याला कळणं, आणि भाडं बुडालं तरी त्याने ते सांगणं, हा त्यातला मोठा भाग.

रात्र तंगमर्गच्या एका साध्या गेस्ट हाऊसमध्ये काढली. त्याचं बिल मी स्वतः मालकाला दिलं, मधे कुणी नव्हतं. आईला कांगडी मिळाली, विणलेल्या टोपलीतलं निखाऱ्यांचं मडकं. फेरनाच्या, म्हणजे तिथल्या लांब सैल अंगरख्याच्या आत ते कसं धरायचं, झोपताना ते बाजूला का ठेवायचं, हे मालकिणीने दाखवलं. आईने डोक्याला लावायला खोबरेल काढलं तर बाटलीत नुसता पांढरा दगड. कांगडीजवळ धरून ते पातळ केलं.

सकाळी मी लवकर खाली आलो. त्याच्या गाडीचे वायपर वर उभे केलेले, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकाला दगड, हँडब्रेक ओढलेला नाही. हँडब्रेक ओढून ठेवला तर रात्री तो आतल्या आत गोठतो आणि सकाळी चाक सुटत नाही. वायपर काचेला चिकटले तर रबर फाटतं. कोकणात जन्म घालवलेल्या ड्रायव्हरला हे कुठून कळणार?

साखळी लावायला त्याला पंधरा मिनिटं लागली. मी हात लावला, त्याने लावू दिला. आधी साखळी जमिनीवर सरळ पसरायची, एकही कडी पिळलेली नको. मग चाकावर टाकून आतल्या बाजूचा हूक, नंतर बाहेरचा. गाडी अर्धा फेरा पुढे घ्यायची आणि सैल पडलेली साखळी पुन्हा ओढायची. एवढं करून दोनशे मीटरवर तो परत थांबला, उतरला, आणि पुन्हा आवळली. मी विचारलं, आत्ताच तर आवळली? म्हणाला, पहिल्या फेऱ्यांत ती आपली जागा घेते, मग सैल होते. सैल साखळी तुटली की चाकाच्या आतल्या ब्रेकच्या नळीवर आपटते. नाक्यावर पोलीस साखळी नसलेल्या गाड्या अडवत होते. आमची बघून सोडली.

तो १३ किलोमीटरचा घाट त्याने पाऊण तासात चढवला. वेग २० च्या आसपास. देवदारांची सावली ज्या वळणांवर पडते तिथे तो वळणाच्या आधीच गिअर उतरवायचा, वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही, स्टिअरिंग एकदाही झटक्याने फिरवलं नाही. पुढच्या गाडीपासून एवढं अंतर की मधे कुणी घुसेल असं वाटावं. वरून येणाऱ्या गाड्या चढणाऱ्यांसाठी थांबत होत्या, आणि तो प्रत्येकाला हात करत होता. आमच्या घाटांतही चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, पण शनिवार-रविवारी ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

शेवटचं वळण संपलं आणि समोर गुलमर्गचं पठार उघडलं, तेव्हा आई म्हणाली, "झिला, ह्या तर मिठागर!" पांढऱ्या राशी, सपाट पांढरी जमीन, मधे काळी माणसं. माझ्या डोक्यात तोपर्यंत बर्फ म्हणजे टीव्हीवरचं बर्फ होतं. त्यानंतर मला ते शिरोड्याच्या मिठागरासारखंच दिसत राहिलं. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. आंबोली ६९० मीटर. एवढ्या उंचीची सवय नाही म्हणून आईला जपून चालवलं, पहिल्या दिवशी काही करू दिलं नाही.

मुलीचं स्कीइंग, तिथले चार दिवस, गोंडोला (दोरावरून वर जाणारे पाळणे) यावर इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, गोंडोलाचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, आणि वयस्कर माणसाला पहिल्या टप्प्यापर्यंतच, कोंगडोरीपर्यंत न्या. दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर अफरवाटला जातो.

या सेवेत दोन उणिवा होत्या, त्या त्यालाही सांगितल्या. मागच्या सीटचे पट्टे सीटकव्हरखाली गाडले गेले होते, बकल सापडेना. एवढा जपून चालवणारा माणूस पट्ट्याकडे दुर्लक्ष करतो हे मला पटलं नाही. त्याने तंगमर्गला सकाळी कव्हर कापून ते वर काढले. दुसरं म्हणजे पावती नाही. लिहून दिलेला हिशोब फोनवर होता म्हणून माझं अडलं नाही, पण कुणाला कचेरीत बिल लावायचं असेल तर आधी विचारून घ्या. पैसे रोख द्यावे लागले.

परतीच्या दिवशी त्याला दुसरं भाडं होतं, हे त्याने पहिल्या दिवशीच सांगितलेलं. म्हणून वरूनच एक गाडी ठरवली. मुलगीही आमच्याबरोबर खाली येत होती. कुणी ठरवून दिली, कुणाची होती, ते लिहीत नाही. चालक २२-२३ वर्षांचा पोरगा. त्या सकाळी घाई होती, श्रीनगरहून दुपारचं विमान, आणि मी टायर बघितले नाहीत. १८ वर्षांच्या धंद्यात मी जी गोष्ट पाहुण्यांना सांगत आलो ती त्या दिवशी मी केली नाही.

दुसऱ्याच किलोमीटरला मला आवाज वेगळा वाटला. साखळीचा आवाज एकाच बाजूने येत होता. विचारलं तर म्हणाला, दुसरी तुटलीय, मालकाने अजून आणली नाही. एका चाकाला साखळी असणं हे साखळी नसण्यापेक्षा वाईट आहे. ब्रेक दाबला की साखळीचं चाक धरतं, दुसरं घसरतं, आणि गाडी आडवी होते. सावलीतल्या एका उतरत्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि नेमकं तेच झालं. गाडीचं तोंड दरीकडे फिरलं, मागचा भाग रस्त्याच्या कडेला सारलेल्या बर्फाच्या भिंतीवर जाऊन आदळला. त्या भिंतीने आम्हांला वाचवलं. आईचा गुडघा पुढच्या सीटवर आपटला. ती ओरडली नाही, तिने फक्त माझ्या मुलीचा हात धरला आणि वेतोबाचं नाव घेतलं. तो गुडघा अजून सुजतो.

मी खाली उतरलो. पोराचे हात थरथरत होते. त्याला पाणी दिलं, शेजारी बसलो, आणि सांगितलं की आता पहिल्या गिअरमध्येच उतरायचं, ब्रेकवरून पाय काढून मागे ठेव, इंजिनच गाडीला धरेल. बायको, मुलगी आणि आई मागून येणाऱ्या साखळीवाल्या सुमोत बसल्या. आम्ही दोघं सव्वा तासाने तंगमर्गला पोचलो. पोराला मी ठरलेलं पूर्ण भाडं दिलं. चूक त्याची असली तरी ५०० रुपयांची कडी वाचवणारा मालक घरी शेकत बसला होता आणि दरीकडे तोंड या पोराचं झालं होतं. मालकाला मात्र फोन करून जे बोलायचं ते बोललो. तंगमर्गहून दुसरी गाडी करून खाली गेलो.

विमान चुकलं नाही, कारण पहिल्या चालकाने सांगितलं होतं की उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळाच्या फाटकावर हवं. तिथे गाडीतलं सगळं सामान उतरवून मशीनमधून जातं, माणसं उतरून तपासणीतून जातात, पुन्हा गाडीत बसून पुढे, आणि आत परत तपासणी. आम्ही साडेतीन तासांचा हिशोब धरला होता. घाटात गेलेला वेळ त्यातच भरून निघाला.

गमबूट आणि कोट भाड्याने मिळतात. आम्ही ते तंगमर्गला घेतले. दुकानात इनोव्हावाला सोबत आत आला नाही, बाहेर गाडीशी थांबला. चालक आत आला की त्याचा वाटा भावात चढतो, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. बूट घालून दहा पावलं चालून बघा, आतून ओले नाहीत ना ते हात घालून बघा. आईला दिलेली पहिली जोडी ओली होती, बदलून घेतली.

गेल्या आठवड्यात देवगडचं एक ओळखीचं कुटुंब विचारायला आलं. पुढच्या जानेवारीत ते चौघं जाणार आहेत. २१ डिसेंबरपासून तिथे चिल्लई कलान सुरू होतं, कडक थंडीचे ४० दिवस, म्हणजे ते ऐन त्यात जाणार. त्यांचं विमान संध्याकाळी पाचला श्रीनगरला उतरणारं होतं. मी त्यांना तिकीट बदलायला लावलं. आता सकाळी ११ ला उतरतील. गाडी त्याच इनोव्हावाल्याची ठरली आहे, आणि उशीर झालाच तर तंगमर्गला एक रात्र राहायची तयारी ठेवून जा, हे मी त्यांच्या आजोबांनाही सांगितलं आहे.